मामांचं विरजण

साऱ्या दक्षिण गोलार्धात माझ्या मामेसासऱ्यांइतका मवाळ माणूस सापडणार नाही, आणि मवाळपणा इतक्या हट्टाने चालवणारा तर उत्तर गोलार्धातही नसेल. जगात जिथे जिथे डावं-उजवं, वर-खाली, कमी-जास्त अशी निवड करायची वेळ येते, तिथे मामा मधलं उचलतात. हीटरची चकती मधल्या खुणेवर, चहा अर्धा कप, भाजी मध्यम तिखट. अंगाने म्हणाल तर पाप्याचं पितर, पण शर्ट घेतील तो मीडियम, आणि मग पामर्स्टन नॉर्थच्या वाऱ्यात तो शर्ट शिडासारखा फुगवून सायकलवरून फिरतील. "अहो, स्मॉल घ्या. शर्टात तुम्ही आहात की नाही ते चाचपून बघावं लागतं," असं मामी म्हणतात. "स्मॉल म्हणजे टोक झालं," हे मामांचं उत्तर. मराठी मंडळातले दोन तट एरवी एकमेकांशी बोलत नाहीत, पण लवाद म्हणून दोघांनाही मामाच लागतात. एकदा मुलांच्या नाटकात इंग्रजी चालू द्यायचं की नाही यावरून एवढं पेटलं, की नाटकाआधीच बऱ्याच खुर्च्या सरकल्या. मामांनी निवाडा दिला, "पोरांना मराठी कळतं, बोलता येत नाही. तेव्हा आयांनी मराठीत बोलावं आणि पोरांनी इंग्रजीत उत्तर द्यावं. घरी दुसरं काय होतं?" नाटक तसंच झालं. इतका जिवंत अभिनय त्या रंगमंचावर पूर्वी कोणी पाहिला नव्हता. कारण कोणी अभिनय करतच नव्हतं.

मी वाढले ती पत्रकांच्या वासात. माझे वडील सोलापुरात कामगारांची पत्रकं लिहायचे. ओल्या शाईचे गठ्ठे आमच्या कॉटखाली असायचे, आणि मी 'अ' शिकले तो अननसातला नव्हे, अन्यायातला. लग्न करून पामीला, म्हणजे पामर्स्टन नॉर्थला, आले, इथल्या इस्पितळाच्या औषधविभागात लागले, तरी बोलताना माझं बोट आपोआप वर जायचं. मामांकडच्या पहिल्याच जेवणात मी भाडेकरूंच्या हक्कांवर बरंच काही बोलले. नवरा ताटाकडे बघत राहिला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो आणि नाही."

"म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे हो. आणि नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भात कालवण्यात गुंतला होता. मामा मात्र मनापासून खूश दिसले. "घरात जहाल सून आली, बरं झालं," ते मामींना म्हणाले. "इतकी वर्षं मी मवाळ होतो, पण कोणाच्या तुलनेत ते कळायला मार्ग नव्हता." त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'जहाल' झाले. "जहाल, मीठ दे गं." "जहालला फोन लाव, तिला मेथी हवी होती."

निवृत्त होईपर्यंत मामा इथल्या एका दुग्ध संशोधन संस्थेत होते. पण इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, त्यामुळे "मी डेअरीत आहे" असं मामांनी सांगितलं की लोक "कुठल्या कोपऱ्यावर?" असं विचारायचे. एका शेजारणीने तर बरीच वर्षं त्यांच्याकडे ब्रेड महागल्याची तक्रार केली आणि मामांनी ती दर वेळी सहानुभूतीने ऐकली. चीज, लोणी, पावडर यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, पण त्यांचं खरं संशोधन घरी होतं, आणि ते म्हणजे विरजण. भारतातून दुधाचा पदार्थ आणायला इथे बंदी. इतरांनी काय काय कशाकशात गुंडाळून आणलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत, पण मामांनी नियम म्हणजे नियम म्हणून काही आणलं नाही. त्यांनी ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या देशी दुकानातून हिरव्या मिरच्या आणल्या, इथल्या गाईच्या कोमट दुधात त्यांचे देठ टाकले, ते दूध गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांशेजारी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी जे लागलं त्याचा वंश आजतागायत चालू आहे. पामीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांतलं दही मामांच्या त्या एका चिनी मातीच्या सटातून निघालेलं आहे. नवं कुटुंब आलं की मामा कानटोपीवर हेल्मेट चढवून, सायकलच्या टोपलीत झाकणाची वाटी ठेवून त्यांच्या दारात हजर. वाटीबरोबर एकच सूचना असते, "दूध कोमट हवं. उकळत्या दुधात विरजण मरतं, थंड दुधात झोपतं." माझ्याकडे बघून ते पुढे जोडायचे, "तुझ्या वडिलांच्या पत्रकांना हेच झालं असणार. दूध फार उकळतं होतं."

"मामा, आमच्याकडे उत्साहावर विरजण पडलं म्हणतात. ती काही चांगली गोष्ट नसते."

"म्हण करणाऱ्याला दुधाचं वाईट वाटलं असेल. दह्याला कोणी विचारलंय?"

त्यांच्या तोंडी सतत 'आपल्या बाई' असायच्या. "आपल्या बाई परत यायला हव्यात." "बाई होत्या तेव्हा बरं होतं." मी नवीन असताना मला वाटलं की मामांकडे कामाला बाई होत्या आणि सोडून गेल्या. पामीत भांड्याला बाई मिळते या आनंदात मी मामींना विचारलंही, "त्या आमच्याकडेही येतील का?" मामी म्हणाल्या, "येतील की. निवडणूक आली की सगळ्यांच्याच दारात येतात." बाई म्हणजे आमच्या मतदारसंघाच्या माजी खासदार. मागच्या निवडणुकीत थोडक्यात पडल्या होत्या, आता पुन्हा उभ्या राहणार होत्या. मी त्यांचं एक भाषण ऐकलं. पहिलंच वाक्य होतं, "हा प्रश्न तसा गुंतागुंतीचा आहे." आमच्याकडे असं वाक्य बोलणाऱ्याला माईक देत नसत. मी मामांना स्पष्ट सांगितलं, "तुमच्या बाई कोमट आहेत." मामांचा चेहरा उजळला. "हो ना!" ते म्हणाले. "तुझ्याही लक्षात आलं?"

बाईंना पाडून निवडून आलेला खासदार मात्र गरजायचा. गरजणं मला ओळखीचं, म्हणून सुरुवातीला मी कान देऊन ऐकलं. मग एका सभेत तो म्हणाला की इस्पितळातल्या रांगा लांबल्या त्या बाहेरून आलेल्यांमुळे. दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या खिडकीत उभी होते. आत केरळची नर्स, वर साताऱ्याचा डॉक्टर, आणि मी सोलापूरची, असे आम्ही तिघं मिळून ती रांग लांबवत होतो. संध्याकाळी मी मामांकडे गेले आणि म्हटलं, "तुमच्या बाईंचं पत्रक मी लिहिते." मामांनी मला अर्धा कप चहा दिला.

आणि त्याच आठवड्यात मामांनी विरजण बंद केलं.

त्याचं झालं असं, की प्रचाराला नाव नोंदवायला ते बाईंच्या कार्यालयात गेले आणि तिथे नियमांची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचून आले. तीत लिहिलं होतं की मत मिळवण्यासाठी मतदाराला खाऊपिऊ घालणं हा गुन्हा आहे. मामांनी विचार केला: मी बाईंचा कार्यकर्ता, विरजण खाण्याची वस्तू, आणि घेणारे सगळे मतदार. कार्यालयातला मुलगा 'काही हरकत नाही हो' अशा सुरात हसून म्हणाला, "स्वीट ॲज, मेट. इट्स जस्ट योगर्ट." यातलं 'जस्ट' मामांना फार लागलं. "ज्याला दही म्हणजे जस्ट वाटतं, त्याच्याकडून मी कायदा शिकू?" असं म्हणत ते घरी आले आणि सटावर झाकण घातलं. निवडणुकीचा अधिकृत निकाल लागेपर्यंत कोणालाही विरजण मिळणार नव्हतं.

लोकांना आधी गंमत वाटली. पण पामीचा, ऐन श्रावणातला हिवाळा होता, बाहेर दव गोठत होतं, आणि एकेका घरचं दही लागेना. कोणी सुट्टीवर जाऊन आलं आणि विरजण आंबून गेलेलं. कोणाच्या पोराने शेवटची वाटी चाटूनपुसून खाल्लेली. दुकानच्या दह्याचं विरजण लावलं तर चमच्याबरोबर तार निघायची. एक काकू मामांच्या दारात डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "श्रावणी सोमवार आहे हो. चमचाभर द्या. मी तुमच्या बाईंना मत देत नाही, मग तर चालेल?" मामा हलले. पण म्हणाले, "तसं म्हणू नका. मग तर ते मत न देण्यासाठी दिल्यासारखं होईल." आमचंही दही त्याच आठवड्यात बिघडलं. मी म्हटलं, "मी तर तुमच्याच बाजूला आहे, मला तरी द्या." मामा म्हणाले, "तुला तर मुळीच नाही. लोक म्हणतील पत्रक विरजणावर लिहून घेतलं."

त्या पत्रकाची कथा आणखी वेगळी. सुट्टीचा अख्खा दिवस बसून मी ते लिहिलं. 'उठा, मतदारांनो!' अशी सुरुवात होती. मध्ये वादळ होतं, शेवटी पहाट होती. मामांनी ते दोनदा वाचलं आणि खिशातून पेन काढलं. 'उठा' खोडलं. "लोक उठलेलेच असतात. कामाला जायचं असतं त्यांना." वादळ खोडलं. "इथे रोजच वारा आहे. लोकांना वाटेल हवामानखात्याचं आहे." पहाटही गेली. सगळं खोडून झाल्यावर खाली त्यांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: 'बाई बऱ्या आहेत. ऐकून घेतात. पुन्हा पाठवायला हरकत नाही.'

"मामा, हे पत्रक आहे की स्थळाची चौकशी?"

"चौकशीच. पोरगी देतो आहोत आपण, मतदारसंघाची. तिथे कोणी 'उठा' म्हणतं का?"

मी चिडून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या वादात मत मांडलं. "बरी आहे असं म्हणूनच आमच्या घरी तुझंही ठरलं होतं," तो म्हणाला. मामांचं पत्रक छापलं गेलं.

मग आम्ही दारोदार हिंडू लागलो. मी कामावरून सुटले की मामा इस्पितळाच्या फाटकाशी सायकल धरून उभे असायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. दार वाजवायचं, दोन पावलं मागे व्हायचं, हेल्मेट काढून कानटोपी तशीच ठेवायची, हात जोडून इथल्या पद्धतीचा नमस्कार म्हणून "कीआ ओरा" म्हणायचं, आणि मग एकच वाक्य, "शी इज नॉट बॅड." मी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. वाईट नाही! हा काय प्रचार झाला? पण जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दारात आलेला म्हातारा विचारात पडला. "नॉट बॅड, हं?" तो म्हणाला. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, की आपण पुणेरी माणसालाच शब्दांचा कंजूष समजतो, पण या देशात त्याचे सख्खे भाऊ राहतात. इथेही कोणी कशाला छान म्हणत नाही. सूर्यास्त, मटण, सून, सगळं नॉट बॅड. मी समोरच्याला पटवायला जायची आणि दार हळूच लागायचं. मामा दोन शब्द बोलायचे आणि लोक त्यांना आत बोलावून गळका नळ दाखवायचे.

एका संध्याकाळी वारा इतका होता की टेकड्यांवरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या आणि रस्त्याकडेचा त्या गरजणाऱ्या खासदाराचा भला मोठा बोर्ड तोंडावर पडला होता. मला फार बरं वाटलं. मामांनी सायकल लावली, टोपलीतून हातोडी काढली आणि बोर्ड उचलू लागले.

"मामा! राहू द्या पडलेला."

"त्याला मतांनी पाडायचं. वाऱ्याने पाडला तर त्यात आपलं काय?" ते धापा टाकत म्हणाले. "धर ती बाजू, जहाल."

माझे वडील हे बघायला इथे नाहीत याबद्दल देवाचे, म्हणजे देव न मानणारी मी त्या क्षणी जे कोणी असेल त्याचे, आभार मानून मी बोर्ड धरला. तेवढ्यात एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, करकचून थांबली आणि लाल चेहऱ्याचा एक दांडगा माणूस उतरला.

"ओय! आमच्या बोर्डाला काय करतोयस?"

"उभा करतोय," मामा म्हणाले.

त्याने मामांच्या कोटावरचा बाईंचा बिल्ला पाहिला. "तू तर तिच्याकडचा."

"हो."

"मग?"

"मग काय? पडला होता."

मग माझ्या हातून बोर्ड घेऊन त्याने खांदा लावला आणि मामांनी खिळे ठोकले. काम झाल्यावर मामांनी संधी साधली. "बाई नॉट बॅड आहेत बरं का."

तो गडगडाट करून हसला. "येह, नाह," म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

मामा त्याच्या गाडीकडे भारावून बघत राहिले. "ऐकलंस? हो आणि नाही, एका दमात! मला तर मध्ये 'आणि' घालावा लागतो. उगाच नाही मी या देशात राहिलो."

परतताना पावसाने गाठलं आणि आम्ही मामांच्या गल्लीतल्या बसच्या शेडमध्ये शिरलो. ही शेड म्हणजे बाई आणि मामा यांच्या ओळखीचं मूळ. पूर्वी तिचं तोंड पश्चिमेला होतं, आणि इथे वारा-पाऊस तिथूनच येतो. बाहेर उभं राहण्यापेक्षा आत जास्त भिजायला व्हायचं. मामांनी सगळीकडे कळवलं, कोणी दाद दिली नाही. बाई तेव्हा खासदार होत्या. शेड हे त्यांचं काम नव्हतं, नगरपालिकेचं होतं. तरी त्या एका पावसाळी सकाळी आल्या, मामांशेजारी शेडमध्ये उभ्या राहिल्या, आणि नखशिखान्त भिजल्यावर म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." मग पाठपुरावा करत राहिल्या, आणि शेड फिरवली गेली. मी म्हटलं, "एवढंच?" मामा म्हणाले, "एवढंच. देश काही बदलला नाही. पण बघ, तू कोरडी आहेस."

पाऊस थांबेना. मामा बोटांनी बाकावरचं पाणी निपटत होते. मग म्हणाले, "मागच्या वेळी मी मत दिलंच नव्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मेथी पेरत होतो परसात. हवा छान होती. म्हटलं, बाई काय, येणारच निवडून. जाऊ चहा झाल्यावर. चहा झाला, मेथीचा आणखी एक वाफा झाला. शाळेत पोचलो तर सात वाजून गेलेले, टेबलं घडी करत होते." "तुम्हा जहाल लोकांना एक बरं असतं. तुम्हाला कायम वाटतं आपण हरणार, म्हणून तुम्ही वेळेवर जाता. आम्ही मवाळ लोक गृहीत धरतो. बाईंना त्या गरजणाऱ्याने नाही पाडलं. मेथी पेरणाऱ्यांनी पाडलं."

आमच्या घरात हरण्याची सवय होती, पण हरणं कोणी असं स्वतःकडे घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मेथी कशी आली होती?"

"उत्तम," मामा म्हणाले. "खाववली नाही."

उरलेलं मला मामींकडून कळलं. त्यांची मुलगी पोरिरुआला असते. तिला बाळ झालं होतं, आणि घराच्या मागच्या अंगणात आईवडिलांसाठी दोन खोल्या बांधून तयार होत्या. त्या इथल्या शरद ऋतूपासून, म्हणजे एप्रिलपासून, रिकाम्या होत्या. "तिकडे राहायला गेलं की मतदारयादीत पत्ता बदलतो," मामी वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. "मग ह्यांचं मत तिकडच्या मतदारसंघात. म्हणून अडून बसलेत. नातवाला दात आले, ते मी फोनच्या काचेवर बघतेय. त्या बाईंना सांग, एवढं करून पडल्या तर मीच पुढच्या वेळी उभी राहीन त्यांच्याविरुद्ध." आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नाही म्हणायला मी पण गेले नव्हते गं मागच्या वेळी. चहा मीच केला होता."

कायमच्या रहिवासाचा परवाना असला की नागरिक नसलं तरी इथे मत देता येतं, आणि मतं दोन असतात, एक पक्षाला, एक उमेदवाराला. मामांनी माझ्याशी समझोता केला. "एक खूण तुझ्या क्रांतीला, एक आपल्या बाईंना. कागद एकच." माझ्या तत्त्वांना इतकी सोयीची जागा पूर्वी कोणी करून दिली नव्हती. मतदानाच्या दिवसाच्या बरेच आधी इथे मतदान खुलं होतं. ते ज्या सकाळी उघडलं, त्या सकाळी वाचनालयाचं दार उघडायच्या आत मामा दारात होते, मागे मामी, मागे आम्ही दोघं. आतल्या मुलीने नारिंगी पेन दिलं. मामा पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. मामींनी हाक मारली, "अहो, दोनच खुणा करायच्यात!" आतून आवाज आला, "शाई वाळू दे."

प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी इथे प्रचाराला सक्त मनाई असते. बोर्डसुद्धा आदल्या दिवशीच उतरवावे लागतात. मामांनी ही मनाईही नेहमीप्रमाणे तंतोतंत पाळली. मामींनी घेतलेली शाल नेमकी बाईंच्या पक्षाच्या रंगाची होती, ती त्यांनी बदलायला लावली. शेजाऱ्याने कुंपणावरून "कसं काय?" विचारलं, तर "नॉट बॅड" हे शब्द ओठांवर आले असताना मामांनी ते गिळले आणि नुसतीच मान हलवली. शेजाऱ्याने संध्याकाळी येऊन मामींना मामांच्या तब्येतीबद्दल विचारलं.

रात्री मोजणी झाली तेव्हा बाई थोड्या मागे होत्या, पण विशेष मतं मोजायची राहिली होती. गावाबाहेरून दिलेली, ऐन वेळी नाव नोंदवून दिलेली, अशी ही मतं मोजायला आठवडे लागतात. मी तेवढ्या आठवड्यांत रोज कोणावर तरी संतापले. मामा फक्त दर संध्याकाळी जाऊन शेडमध्ये बसायचे. मी विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?" ते म्हणाले, "वाटतं. पण दही लागताना भांडं हलवू नये." हे वाक्य शांतपणे म्हणत असताना त्यांनी चहाचा अर्धा कप तोंडाशी नेला, आणि त्यातला निम्मा बशीत सांडला.

बाई निवडून आल्या. फरक अगदी थोडा, पण आल्या. मला फोन मामींनी केला. "जहाल, ये लवकर. हे मेथीच्या वाफ्याशी उभे आहेत आणि आत येत नाहीत." मी गेले तेव्हा मामा कानटोपी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी घराबाहेर काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "वाईट नाही झालं," ते म्हणाले, आणि वाकून वाफ्यातलं तण उपटू लागले.

त्याच दुपारी त्यांनी सटावरचं झाकण काढलं. टोपलीत वाट्या भरून सायकल निघाली ती अंधार पडेपर्यंत फिरत होती. ज्यांनी बाईंना मत दिलं त्यांच्याकडे, ज्यांनी दिलं नाही त्यांच्याकडे, श्रावण विरजणाविना काढलेल्या काकूंकडे सगळ्यांत आधी. दुसऱ्या दिवशी आभार मानायला बाई स्वतः आल्या. मामांनी त्यांना वाटीतलं दही दिलं, कारण आता गुन्हा उरला नव्हता, आणि शेडचं छप्पर डाव्या कोपऱ्यात गळतं हेही सांगितलं. बाईंनी एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "नॉट बॅड." मामा त्या संध्याकाळभर तरंगत होते.

मग ते पोरिरुआला गेले. जायचंच होतं. सामान लागलं, सायकल गाडीच्या मागे बांधली, आणि मामांनी तो सट टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "मला कसं जमेल, मामा? माझं दूध नेहमी उकळतं असतं."

"उकळायलाच हवं," ते म्हणाले. "न उकळलेल्या दुधाचं दही चांगलं होत नाही. उकळ. मग थांब."

माझी मतं काही बदललेली नाहीत. पत्रकं मी अजून लिहिते, आणि त्यांत वादळही असतं. शेडचं छप्पर दुरुस्त झालं, बाईंना त्याला वेळ लागला आणि मी त्यांना त्याबद्दल एक कडक पत्रही धाडलं. पण आता पामीत नवं मराठी कुटुंब आलं की ते माझं दार वाजवतं. परवा एक नाशिकची नर्स वाटी घेऊन आली. बाहेर पश्चिमेचा वारा होता, ती गारठली होती आणि तिला कामावर जायची घाई होती. मी दूध तापवलं, उतरवलं, आणि करंगळी बुडवून उभी राहिले. स्वयंपाकघरात खूप शांत होतं. पोरिरुआला मामा आता नातवाशी मराठीत बोलत असतील आणि तो त्यांना इंग्रजीत उत्तर देत असेल, किंवा अजून नुसताच हसत असेल.

"झालं का?" नवऱ्याने बाहेरून विचारलं. "त्या थांबल्यात."

"थांबू देत जरा," मी म्हटलं. "अजून गरम आहे."